एकादशी, दुप्पट खाशी आणि घ्रेलिन

काका, भूक वाढवणारं घ्रेलिन आणि ती आवरणारं लेप्टिन या हार्मोन्सवरच्या माझ्या मागच्या पोस्टवरची तुमची कमेंट दोनदा वाचली. "हार्मोन-बिर्मोन सगळी निमित्तं, आमच्या आईने जन्मभर एकादश्या केल्या, तिला कुठलं घ्रेलिन आडवं आलं नाही, जिभेवर ताबा हवा, आणि एवढंच असेल तर लेप्टिनचं इंजेक्शन घ्या की" असं तुमचं म्हणणं. जरा लागलं, पण मुद्दा सोडून देण्यासारखा नाही.

आईंचं उदाहरण तर माझ्याच बाजूचं आहे हो. घ्रेलिन मुख्यतः जठरात तयार होतं, जपानी शास्त्रज्ञांनी १९९९ साली शोधलं, आणि ते रोजच्या जेवणाच्या वेळेआधी चढतं, म्हणजे एकला डबा उघडायची सवय असेल तर पावणेएकलाच पोटात कावळे ओरडणार, पण त्या दिवशी काहीच खाल्लं नाही तरी थोड्या वेळाने ते आपसूक उतरतं. आईंना हे नाव न कळताच माहीत असणार, दुपार काढली की झालं. (आमच्याकडे साबुदाण्याची खिचडी, वेफर्स, रताळ्याचा कीस वगैरे असतं, तो उपास इथे धरू नका.)

पण एक दिवस उपाशी राहणं वेगळं आणि उतरवलेलं वजन टिकवणं वेगळं. ऑस्ट्रेलियात ५० जाड माणसांना दहा आठवडे अगदी कमी कॅलरीचा डाएट दिला, सरासरी साडेतेरा किलो उतरले, आणि वर्षानंतर तपासलं तर घ्रेलिन अजून आधीपेक्षा जास्त, लेप्टिन कमी, भूकही जास्तच. २०११ साली छापून आलंय. आता हा माणूस रोज तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त भूक घेऊन ताटावर बसतो, त्याला "ताबा ठेव" म्हणणं सोप्पंय, मीही माझ्या भावाला वर्षानुवर्षं तेच ऐकवत होतो.

झोपेचंही तसंच. शिकागोत १२ तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं तर दहा तास झोपण्याच्या तुलनेत लेप्टिन १८ टक्के कमी, घ्रेलिन २८ टक्के जास्त. प्रयोग छोटा आहे, मान्य, पण रात्रपाळीवाल्यांना विचारा पहाटे वडापाव का आठवतो.

राहिलं इंजेक्शन. ज्यांच्या शरीरात जन्मतःच लेप्टिन बनत नाही अशा अगदी मोजक्या मुलांना त्याने कमालीचा फरक पडला. बाकीच्यांना नाही, कारण लेप्टिन चरबीतूनच येतं, जाड माणसात ते भरपूर असतं, मेंदू दाद देत नाही. मागच्या पोस्टमधे मी "जाड लोकांत लेप्टिन कमी असतं" असं ठोकून दिलं होतं ते साफ चूक, तुमच्या टोमण्यामुळे पुन्हा वाचताना सापडलं, आत्ताच बदललंय.