डॅशबोर्डवरची तीन झाकणं

परवा भाच्याला गाडी घ्यायची म्हणून बाणेर रोडच्या एका शोरूममध्ये गेलो होतो. जीएसटी उतरल्यापासून तिथला दसरा संपलेलाच नाही. भाचा बेस मॉडेलमध्ये बसला, सीट मागेपुढे केली, हॉर्न वाजवून पाहिला (पुण्यात गाडीची पहिली परीक्षा हीच) आणि मग स्टिअरिंगच्या उजव्या अंगाला, गुडघ्याच्या वर असतात ती बटणं दाबायला लागला.

"मामा, यातली तीन दबतच नाहीत."

"दबणार नाहीत. ती बटणं नाहीत, झाकणं आहेत."

सेल्समन मुलगा कसनुसं हसला. तुमच्याही गाडीत असतील, उद्या बघा. डॅशबोर्डचा साचा महाग, त्यामुळे शक्यतो एकच करतात आणि त्यात सगळ्यात वरच्या मॉडेलला लागतील तेवढी भोकं ठेवतात. धुक्याच्या दिव्याचं, हेडलाइटचा झोत वरखाली करायचं, थंड देशात सीट गरम करायचं. ज्या गाडीच्या नशिबी ते बटण नाही, तिच्या भोकावर काळ्या प्लॅस्टिकची टिकली बसते. आपल्या वाट्याला काय आलं नाही, याची यादीच ती. रोज डोळ्यांसमोर असते, पण वाचता येत नाही.

मला वाचता येते, कारण भोसरी एमआयडीसीत एका प्रेस पार्ट्सच्या कारखान्यात मी सव्वीस वर्षं क्वालिटीत काढली. आम्ही गाड्यांचे ब्रॅकेट, म्हणजे बाकीचे पार्ट धरून ठेवणारे पत्र्याचे तुकडे, बनवायचो. रॅकवर दोन प्रकारचे ट्रे असायचे, पिवळ्या टॅगचे डोमेस्टिक आणि हिरव्या टॅगचे एक्सपोर्ट. लग्नकार्यात कोणी भेटलं की हमखास प्रश्न, "काय हो, चांगला माल बाहेर जातो आणि गाळ आपल्याला, खरं ना?" हापूस असो की लक्ष्मी रोडवरचा शर्ट, 'एक्सपोर्ट क्वालिटी' म्हटलं की आपले कान टवकारतात. मी सांगायचो, अहो, शंभरातल्या नव्वद पार्टांत फरक एवढाच की त्यांचं स्टिअरिंग डावीकडे, आपलं उजवीकडे. आरशात धरल्यासारखा तोच ब्रॅकेट. तोच पत्रा, तेच गेज, म्हणजे तीच जाडी. हिरव्या टॅगचा माल निळ्या पिशवीत बांधून जायचा, म्हणून लोकांना वाटायचं की लाड चाललेत. ती पिशवी समुद्रावरच्या दमट हवेत गंज धरू नये म्हणून.

पण उरलेल्या दहांत एक होता. एका गाडीच्या डॅशबोर्डमागे आडवा बीम असतो, त्यावर ड्रायव्हरशेजारच्या माणसाची एअरबॅग धरणारा ब्रॅकेट वेल्ड व्हायचा. आपल्याकडे तिथे बसते ती बायको, नाहीतर आई. हा ब्रॅकेट फक्त हिरव्या टॅगला. पिवळ्या टॅगचा बीम त्या वेल्डिंग स्टेशनवर थांबायचाच नाही, तसाच पुढे सरकायचा. तळहाताएवढा पार्ट. आमच्या ड्रॉइंगमध्ये ती चूक नव्हती, तो हुकूम होता. मी दोन्ही बीमवर 'ओके'चा शिक्का मारत होतो.

देशोदेशी वेगळी गाडी विकण्यात पाप काहीच नाही. सुझुकीची वॅगनआर जपानमध्ये केई कार म्हणून विकतात. तिथल्या कायद्यात ती गाडी ३.४ मीटर लांब, १.४८ मीटर रुंद आणि ६६० सीसी इंजिन, याच्या पुढे जाऊ शकत नाही. तीच वॅगनआर आपल्याकडे ३,६५५ मिलिमीटर लांब, अंगानं भरलेली, एक लिटर किंवा बाराशे सीसीच्या इंजिनाची. जपानी मापाची गाडी पाच माणसं आणि गावाकडून आणलेलं तांदळाचं पोतं घालून कात्रज चढवायची म्हटलं तर इंजिन रडेल. पोट जमिनीपासून उंच हवं, एसी दणकट हवा, हॉर्न टिकाऊ हवा. याला मी फसवणूक म्हणणार नाही, हे शिंप्याकडे जाऊन माप देणं झालं.

कधी कधी मात्र माप रस्ता देत नाही, अर्थखातं देतं. २००६च्या बजेटमध्ये लहान गाडीची व्याख्या आली: लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन बाराशे सीसीपर्यंत, डिझेल पंधराशेपर्यंत. त्यात बसलात तर अबकारी २४ टक्क्यांवरून १६ टक्के. झालं, कात्र्या निघाल्या. पहिली डिझायर ४,१६० मिलिमीटर होती, २०१२ला नवी आली ती ३,९९५. पाच मिलिमीटर शिल्लक ठेवून शेपूट कापलं. आपल्या चाकणला बनलेल्या फोक्सवॅगन अमिओची तर आणखी मजा. पोलोला डिकी जोडायची, पण चार मीटरांत बसेना, म्हणून पुढचा बंपरसुद्धा आत घेतला. धोतर आखूड पडलं म्हणून माणसाची उंची कमी करण्यातला प्रकार. जगात दुसरीकडे कुठेही ही गाडी कुणाला सुचली नसती. सप्टेंबर २०२५मध्ये जीएसटी बदलला तरी ती रेघ तिथेच आहे, आत असाल तर १८ टक्के आणि बाहेर असाल तर ४०. हसायला येतं, पण चार मीटरांत माणूस मरत नाही. डिकीत एक बॅग कमी बसते, एवढंच.

माझं भांडण आहे ते २०१४ सालापासून. त्या जानेवारीत, गाड्या आदळून सुरक्षेला पाचपैकी तारे देणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेनं आपल्याकडच्या पाच गाड्या ताशी ६४ किलोमीटरनं आदळून पाहिल्या. अल्टो ८००, नॅनो, आय१०, फिगो आणि पोलो. पाचही शून्य तारे. यातली पोलो आपली, चाकणची. तिचा सांगाडा धक्क्यानंतरही शाबूत होता. वेल्डिंग, पत्रा, आमच्या भागातल्या पोरांनी तीन तीन शिफ्ट करून जोडलेलं सगळं पास. शून्य मिळालं ते त्या मॉडेलमध्ये एअरबॅगच नव्हत्या म्हणून. तीच गाडी दोन एअरबॅग घालून आदळली, तर मोठ्या माणसांच्या सुरक्षेला चार तारे. कंपनीनं लगेच बिनएअरबॅगचं मॉडेल भारतात बंद केलं आणि दोन एअरबॅग सरसकट केल्या. सांगायचं काय, की हे जमत होतं. नवा कारखाना लागला नाही, नवा पत्रा लागला नाही.

असंच रेनोच्या क्विडचं. भारतात २०१६मध्ये शून्य तारे. पुढच्याच वर्षी ब्राझीलमध्ये आली ती सांगाड्यानं दणकट, वजनानं जास्त आणि चार एअरबॅग घेऊन, तिला तिकडच्या लॅटिन एनकॅपचे तीन तारे. नाव एक, चेहरा एक. ब्राझीलचे रस्ते काही स्वित्झर्लंडचे नाहीत. कुठे कायदा हातात काठी घेऊन उभा होता आणि कुठे नव्हता, फरक तिथे आहे.

उलटंही झालंय, तेही पिंपरीतूनच. २००३मध्ये आपली इंडिका इंग्लंडला गेली, सिटीरोव्हर नावानं. पेट्रोल इंजिन, थोडी खाली बसवलेली, चाकं जरा मोठी आणि वर तिथल्या रोव्हर कंपनीचा बिल्ला. मूळ गाडी इथल्या खड्ड्यांसाठी आणि इथल्या खिशासाठी बनवलेली. तिथल्या गिऱ्हाइकानं आतलं प्लॅस्टिक चाचपलं, किंमत पाहिली आणि पाठ फिरवली. २००५च्या एप्रिलमध्ये रोव्हरच बुडाली. इंडिकाचा मला अभिमान आहे, पण ते गिऱ्हाईक चूक होतं असं मला म्हणवत नाही. त्यानं बिल्ल्याच्या खाली वाकून पाहिलं. आपण वाकतो का?

आपण विचारतो, "ॲव्हरेज किती?" मीसुद्धा तेच विचारलं होतं. २०११मध्ये मी स्वतःसाठी गाडी घेतली तेव्हा एअरबॅगचं मॉडेल शेजारीच उभं होतं. वाचलेल्या पैशांत सीट कव्हर, म्युझिक सिस्टिम आणि मागच्या काचेवर लावायचा पडदा घेतला. म्हणजे ज्या माणसानं आयुष्यभर बीमवर शिक्का मारला, त्यानंच दुकानात जाऊन पिवळा टॅग मागून घेतला. त्या गाडीत घरच्या पाच जणांना घेऊन मी ताम्हिणीतून कोकणात किती वेळा उतरलो, ते मोजायची इच्छा नाही.

यावर एक उत्तर नेहमी येतं आणि ते पोकळ नाही. गाडी महाग झाली की स्कूटरवाला स्कूटरवरच राहतो, आणि स्कूटरपेक्षा बिनएअरबॅगची गाडी बरीच सुरक्षित. मी लहानपणी चेतकवर पुढे उभा राहून, मागे आई आणि तिच्या मांडीवर बहीण, असा शहरभर फिरलोय. त्यामुळे पावसात चौघांना डोक्यावर छप्पर मिळणं म्हणजे काय, हे मला कोणी शिकवू नये. सहा एअरबॅगची सक्ती येणार म्हणून चर्चा होती, तेव्हा मारुतीचे अध्यक्ष भार्गव लहान गाड्या महागतील म्हणून जाहीरपणे विरोधात होते. गडकरी म्हणत होते, बाहेर पाठवायच्या गाड्यांत सहा घालता, मग इथे का कचरता? सक्ती शेवटी आलीच नाही. आणि २०२५मध्ये त्याच मारुतीनं अल्टो के१० आणि वॅगनआरमध्ये सहा एअरबॅग सरसकट देऊन टाकल्या. गरिबाची गाडी महाग होईल हे खरं होतं की ते सांगणं सोयीचं होतं? मला वाटतं, थोडं खरं होतं आणि बरंचसं सोयीचं. स्वस्तात सनरूफ बसतं, मोठी स्क्रीन बसते, तेव्हा हा गरीब कुठे जातो कळत नाही.

शोरूमवर परत येतो. भाचेसुनेला सनरूफ हवं होतं. मी म्हटलं, पुण्यात एप्रिलमध्ये ते उघडून दाखव. तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, तिचं वर्णन इथे नको, ती फेसबुकवर आहे. सेल्समन मुलगा मला हळूच म्हणाला, "काका, दिवसभरात दहा जण सनरूफ विचारतात. एअरबॅग विचारणारे तुम्ही आजचे पहिले." पोरगं प्रामाणिक होतं. त्यानं टॅबवर सगळी मॉडेलं शेजारी शेजारी उघडली. दोन एअरबॅगवरून सहावर जायला मधलं मॉडेल घ्यावं लागत होतं आणि त्यात सनरूफ नव्हतं. ते आणखी वर.

तासभर घासाघीस झाली. भाच्यानं मधलं बुक केलं. मग मुलानं खुश होऊन ॲक्सेसरीजचं पॅकेज काढलं, त्यात पहिलंच नाव लेदर सीट कव्हर, फुकट. मी त्याला विचारलं, "अरे, बाजूची एअरबॅग सीटच्या शिवणीतून फुटून बाहेर येते ना? मग हे जाड कव्हर वरून घट्ट शिवलं तर ती जाणार कुठे?" तो गेला, मॅनेजरला विचारून आला आणि म्हणाला, "काका, त्याऐवजी मॅट घ्या."

मॅट घेतल्या. निघताना भाचा डिस्प्लेला ठेवलेल्या मधल्या मॉडेलमध्ये पुन्हा एकदा जाऊन बसला. त्यात उजव्या हाताला एकच झाकण उरलं होतं. त्यानं तेही दाबून पाहिलं.