माझ्या पेटीतला मुंडकार
'मूळ मालकाच्या लेटरहेडवर हस्तांतराचे संमतिपत्र जोडावे' असे उत्तर, परवाना माझ्या नावावर करण्याच्या माझ्या विनंतीला, माझ्या जुन्या संगणकाच्या निर्मात्या कंपनीकडून काल आले, आणि तेव्हापासून माझे डोके ठिकाणावर नाही. मूळ मालक म्हणजे वास्कोची एक खनिज निर्यात करणारी पेढी. 2012 साली खाणी बंद पडल्या, मागोमाग पेढी बुडाली, आणि तिचा हा कपाटाएवढा संगणक भंगारातून माझ्या म्हापशाच्या घरी आला. लेटरहेड छापायला पेढीचा शिपाईसुद्धा आता उरलेला नाही.

यंत्राची तक्रार नाही. हिरव्या अक्षरांच्या पडद्यावर बार्जमधून गेलेल्या खनिजाचे टन अजून निमूटपणे उमटतात. कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, मात्र परवान्याची किल्ली मागतो. ही किल्ली यंत्राच्या अनुक्रमांकाशी बांधलेली असते. पावसाळी दमटपणाने मूळचा बोर्ड गेला, दुसरा बसवला, आणि अनुक्रमांकाबरोबर किल्लीही निकामी झाली. नवी विकत घ्यावी, तर कंपायलरची ती आवृत्ती विक्रीतून केव्हाच काढलेली आहे. म्हणजे ते विकणारही नाहीत आणि वापरूही देणार नाहीत.

हे दुःख शेजारच्या भाईंच्या कानी पडले. भाई मामलेदार कचेरीतून निवृत्त झाले असले, तरी कचेरी त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही.

"पेटी कोणाची?" त्यांनी चष्मा पुसत विचारले.

"माझी."

"आणि आत राहतो तो प्रोग्राम?"

"कंपनीचा."

"मूळ मालकाच्या संमतीने राहायला आला?"

"हो, पेढीने करारावर सही केली होती."

"कंपनी तुला भाडे देते?"

"भाई, उलट तीच माझ्याकडे पैसे मागते!"

भाईंचा चेहरा उजळला. "मग प्रश्नच मिटला. आपल्या गोव्यात दुसऱ्याच्या जमिनीवर मालकाच्या संमतीने घर करून राहतो तो मुंडकार, आणि जमिनीचा मालक तो भाटकार. भाडे भरणारा मुंडकार ठरत नाही, ही भरत नाही. कंपनी तुझी मुंडकार आणि तू भाटकार. 1975 च्या मुंडकार कायद्याप्रमाणे तिला बाहेर काढता येणार नाही. उद्या तिने घराखालची जागा विकत मागितली, तर ही पेटीसुद्धा तुला द्यावी लागेल."

मी हसलो, पण मनातून चरकलो, कारण कंपनीच्या पत्रापेक्षा हा युक्तिवाद अधिक सुसंगत होता.

सगळ्याच कंपन्या काही इतक्या कोडग्या नव्हत्या. डिजिटल या संगणक कंपनीच्या व्हीएमएस या कार्यप्रणालीसाठी हौशी लोकांना 1997 पासून फुकट परवाने मिळत. त्यांची मुदत संपे, पण मागितले की नवे येत. पुढे ती प्रणाली एचपीई कंपनीकडे गेली आणि 2020 मध्ये तिने ही योजना गुंडाळली. सन या कंपनीच्या स्पार्क नावाच्या जुन्या संगणकांत तर यंत्राची ओळखच एका चिपमध्ये असते आणि त्या चिपची बॅटरी चिपच्याच पोटात असते. बॅटरी मेली की यंत्र स्वतःला विसरते आणि त्या ओळखीवर घेतलेला परवानाही जातो, म्हणून संग्राहक चिप कानशीने घासून तिला बाहेरून सेल जोडतात. पदरमोड करून, पाठ मोडून यंत्र जगवावे आम्ही, आणि ज्याने ते कधीच वाऱ्यावर सोडले त्याने दारात बसून दाखले मागावेत, यात विनोद आहे असे म्हणतात. मला तो अजून सापडायचा आहे.

भाईंनी मात्र आज सकाळीच हरकतीच्या अर्जाचा मसुदा आणून दिला. सर्व्हे नंबरच्या रकान्यात त्यांनी यंत्राचा अनुक्रमांक लिहिला असून चतुःसीमा अशी दिली आहे: पूर्वेस इन्व्हर्टर, पश्चिमेस भिंत, उत्तरेस तांदळाचा डबा, दक्षिणेस अर्जदाराच्या पत्नीचे शिलाई यंत्र, सदर बाजूने वहिवाट वादग्रस्त.