दलदल नव्हे, पाझर शोधा : कीटकभक्षी वनस्पतींच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

कीटकभक्षी वनस्पती दलदलीत सापडतात, असं सांगणारा माझा लेख वाचून १५ ऑगस्टच्या सुट्टीत तुम्ही मुलांना घेऊन नवी मुंबईतल्या खारघरच्या डोंगरावर गेलात, तीन तास चिखल तुडवलात. दलदल सापडली नाही, घटपर्णी (घड्यासारख्या पानांत कीटक पकडणारी वनस्पती) दिसली नाही, ‘नुसती निळी फुलं’ बघून परत आलात. लेखात नेमकी जागाही दिलेली नाही, म्हणून तो दिशाभूल करणारा आहे, असं तुम्ही म्हणता. यातली पहिली चूक पूर्णपणे माझी आहे. ‘दलदल’ हा शब्द मी वापरायलाच नको होता, लेखात तो बदलतो आहे.

थंड प्रदेशात शेवाळाचे थर साचून होते तशी दलदल आपल्या डोंगरांवर नसते. खाडीकाठचा चिखल खारा, तिथेही ही कीटकभक्षी झाडं तगत नाहीत. शोधायचा असतो तो पाझर : कातळावर जेमतेम दोन ते पाच सेंटिमीटर माती, वरून सतत झिरपणारं पाणी आणि घोट्याएवढं विरळ गवत. पावसानं या मातीतलं नत्र (नायट्रोजन) धुऊन जातं, त्यामुळे इतर झाडं खुरटतात. कीटकभक्षी वनस्पती स्वतःचं अन्न उन्हातच तयार करतात, फक्त नत्र आणि स्फुरदाची (फॉस्फरसची) तूट कीटकांमधून भरून काढतात. जिथे गुरं बसतात किंवा गवत कमरेपर्यंत माजलंय, तिथे वेळ घालवू नका. शेणखतावर गवत फोफावतं आणि त्याच्या सावलीत ही इवली झाडं संपतात.

आता त्या निळ्या फुलांकडे वळतो. देठ दोऱ्यासारखा आणि बिनपानांचा, फुलाला वर-खाली दोन ओठ, मागे खाली वळलेली टोकदार नळी, असं असेल तर ती सीतेची आसवं, म्हणजे युट्रिक्युलॅरिया. देठाला रुंद पानं असतील तर तो केना, कीटकभक्षी नव्हे. पहिलं असेल, तर मुलांनी कीटकभक्षी वनस्पती पाहिलीच, फक्त तिचे सापळे पायाखाली होते. या वनस्पतीला मुळं नसतात. ओल्या मातीत पसरलेल्या धाग्यांवर टाचणीच्या डोक्याहूनही लहान फुगे असतात. फुगा आतलं पाणी बाहेर टाकून आत दाब कमी करून ठेवतो. दारावरच्या केसाला सूक्ष्म जीव लागला की दार आत उघडतं आणि पाण्यासकट तो आत ओढला जातो. हे सगळं काही मिलिसेकंदांत घडतं, डोळ्याला दिसत नाही.

घटपर्णी मात्र खारघरलाच काय, महाराष्ट्रात कुठेच रानात मिळणार नाही. भारतात ती नैसर्गिकरीत्या मुख्यतः मेघालयात वाढते.

दवबिंदू, म्हणजे ड्रोसेरा ही चिकट पानांनी कीटक पकडणारी वनस्पती, पाहायची असेल तर पावसाचा जोर ओसरल्यावर, सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत जा. ऑगस्टमध्ये रोपं लहान असतात आणि सरींनी पानांवरचा चिकट द्रव पातळ होतो. दोन-तीन दिवस उघडीप मिळाली की तो पुन्हा दाट चमकतो. सकाळी लवकर गेलात तर फसाल, कारण तेव्हा साऱ्याच गवतावर दव असतं. अकराच्या सुमारास उन्हात बघा. गवतावरचं दव वाळलेलं असतं, हिच्या लालसर केसांवरचे थेंब तसेच असतात. बोटानं चाचपू नका, आणि मुलं पानावर मुंग्या ठेवत असतील तर थांबवा.

नेमकी जागा मी मुद्दामच देत नाही, पुढेही देणार नाही. असा पाझर कधी दोन चटयांएवढाच असतो, एका रविवारी शंभर पावलं पडली तर मातीचा थर सुटतो. खणून कुंडीत लावण्याचा विचार तुम्ही लिहिला आहे, तो कृपया सोडा. कुंडीतली खतमाती आणि नळाच्या पाण्यातले क्षार त्यांना मारतात. शिवाय यातल्या बहुतेक जाती वर्षायू आहेत, पाऊस गेला की बी टाकून त्या वाळतातच.

सोबत दहापट दाखवणारं भिंग घ्या. उघड्या कातळावर बसून वाकून बघा, गुडघा मातीवर टेकू नका. खारघरच्या पांडवकडा धबधब्याच्या बाजूला पावसाळ्यात जाण्यावर बंदी असते, ती पाळा. धबधब्याजवळ यातलं काही शोधायची गरजही नाही.

सापळा प्रत्यक्ष दाखवायचाच असेल तर ठाणे जिल्ह्यातलं गोड्या पाण्याचं तळं किंवा भाताचं खाचर बघा. तिथे युट्रिक्युलॅरियाची पिवळ्या फुलांची, तरंगणारी जात मिळू शकते. एक फांदी पांढऱ्या वाटीत पाण्यासकट घ्या. फुगे साध्या डोळ्यांनी दिसतात, काळपट झालेल्यांत बहुधा शिकार असते. पाहून झालं की फांदी त्याच पाण्यात सोडा.