गाझीवर टाळ्या

आज 4 डिसेंबर, नौदल दिन. आमच्या भागातल्या एका हॉलमध्ये कार्यक्रम होता, नानांना घेऊन गेलो होतो. नाना म्हणजे आमच्या गल्लीतले निवृत्त पाणबुडीवाले. जेवण झालं, तरी डोकं शांत होईना म्हणून लिहितोय. लांबणार आहे. वेळ नसेल त्यांनी लाईक ठोकून पुढं जावं.

निवेदक पोरगा तयारीचा होता. 1971, कराचीवरचा हल्ला, मिसाईल बोटी, सगळं झकास सांगितलं. मग गाझी आली, त्या युद्धात बुडालेली पाकिस्तानी पाणबुडी. ‘‘93 जण थेट माशांच्या पोटात!’’ असं ओरडला आणि हॉल दणाणला. मागनं शिट्ट्या. माझ्या शेजारी नाना गप्प, हात मांडीवर. मी विचारलं, ‘‘नाना, बरं वाटत नाही का?’’ तर म्हणाले, ‘‘त्यातबी एखादा इलेक्ट्रिशन असणार की रं माझ्यासारखा.’’

थांबा, लगेच कमेंट टाकू नका. गाझी आपलं विमानवाहू जहाज विक्रांत बुडवायला आली होती, हे मलाही माहीत आहे. नोव्हेंबर 71 मध्ये कराचीहून निघाली, अख्ख्या हिंदुस्थानाला वळसा घालून विशाखापट्टणमपर्यंत पोचली, आणि विक्रांत तोवर अंदमानाकडं हलवलेलं. 3 आणि 4 डिसेंबरच्या मधल्या रात्री ती बंदराच्या तोंडाशीच बुडाली. आपल्या ‘राजपूत’ युद्धनौकेनं टाकलेल्या डेप्थ चार्जनं, म्हणजे पाण्याखाली फुटणाऱ्या बॉम्बनं, असं आपण म्हणतो, तिच्यातच स्फोट झाला, असं ते म्हणतात. ती बुडाली हे चांगलंच झालं. विक्रांतवर आपली किती पोरं होती! एवढं मान्य करून पुढं बोलतो.

नाना ज्या जातीच्या बोटीवर होते, तीत 91 मीटर लांबीच्या नळकांड्यात पाऊणशे माणसं राहायची. गोडं पाणी प्यायला आणि स्वयंपाकाला, आंघोळ विसरायची. एकजण ड्युटीवर गेला की त्याच्या गरम अंथरुणावर दुसरा आडवा. डिझेलचा वास अंगात असा मुरायचा, की सुट्टीवर आले की काकू कपडे आधी परसात भिजत घालायच्या. आणि खाली काही झालं तर? जमिनीवरचा जवान पडला तर पेटी गावात येते, बंदुकीची सलामी होते, अख्खं गाव रडतं. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात सैनिक टाकळीसारखी फौजींची गावं आहेत, हे तुम्हाला मी काय सांगावं? पाणबुडीवाल्याचं काय यायचं घरी? एक तार. नाना हे सांगताना हसतात, मला नाही हसू येत.

म्हणून मला वाटतं, पाणबुडीतल्या माणसाचं स्मारक म्हणजे नावांची भिंत हवी. दुसरं काही चालणार नाही. आपण काय ठेवतो? यंत्रं. गावोगावी चौकात रणगाडा, विमान, तोफ, आणि त्यावर चढून सेल्फी. विशाखापट्टणमला कुरसुरा पाणबुडी आहे, 2001 ला निवृत्त झालेली, दुसऱ्या वर्षीपासून बीचवर लोकांना बघायला ठेवलेली. सुंदर ठेवलीय, माजी नौसैनिकच आत फिरवून दाखवतात, जरूर बघा. पलीकडं कराचीत त्यांनी हंगोर पाणबुडी ठेवलीय, 71 मध्ये आपली खुकरी युद्धनौका बुडवणारी. दोन्ही देशांनी लोखंड नीट जपलंय.

जर्मनीत कीलजवळ मोल्टेनॉर्ट म्हणून ठिकाण आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या यू-बोटींवरचे, म्हणजे जर्मन पाणबुड्यांवरचे, सुमारे 30 हजार मेलेले तिथं एकेका नावानं आहेत. कुणाच्या बाजूनं लढले ते जगाला माहीत आहे, त्या राजवटीबद्दल मला काडीचं प्रेम नाही. तरी नाव आहे. आईला नावावरनं हाताचं बोट फिरवायला जागा आहे.

आपल्या कोल्हापूरलाच बघा की. महावीर गार्डनला पोलंडवाल्यांचा स्तंभ आहे. 1943 पासून पाच वर्षं वळिवड्याच्या छावणीत महायुद्धातली हजारो पोलिश निर्वासित बायकापोरं राहिली, त्यांच्या कबरीही या गावात आहेत. त्यांच्या देशाची ऑर्झेल नावाची पाणबुडी 1940 मध्ये उत्तर समुद्रात गेली ती गेलीच. साठेक माणसं होती. ती अजून सापडलेली नाही. (हां, पोलिश आपले शत्रू नव्हते, पाहुणे होते. ठीक आहे, हा दाखला अर्धाच लागू.)

मग शत्रूचा दाखला देतो. अफजलखानाला महाराजांनी मारलं आणि त्याचं दफन प्रतापगडाच्या पायथ्याशीच झालं. नाव महाराजांचं घ्यायचं, पाणबुडीला त्यांच्या खांदेरी जलदुर्गाचं नाव ठेवायचं, आणि मेलेल्यांवर शिट्ट्या मारायच्या? कुठल्या शाळेत शिकलात रे?

आणि आपलं नौदल काय करतं? 2024 मध्ये बातमी होती, गाझीचे अवशेष आपल्या पाणबुडी बचाव यानानं शोधले आणि त्यांना हात लावला नाही. आत माणसं आहेत म्हणून. ज्यांनी खरं युद्ध केलं ते असे वागतात, आणि आमचे एसीतले शूरवीर शिट्ट्या मारतात. नानाही म्हणाले होते एकदा, रंकाळ्यावर फिरताना, की गाझी बुडाली त्या बाजूनं पाणबुडी बाहेर काढताना ते तोंड बंद ठेवायचे. कुणी सांगितलं नव्हतं. आपसूकच.

निवेदक पोरगा वाईट नाही हो. विशीतला असेल. त्याला टाळ्या हव्या होत्या, आपण दिल्या. राग मला पहिल्या रांगेतल्या मोठ्यांचा आहे. एकानंही मान हलवली नाही.

तर माझं म्हणणं एवढंच: विशाखापट्टणमच्या त्या किनाऱ्यावर एक दगड उभा करा आणि गाझीतल्या 93 जणांची नावं कोरा. 71 च्या युद्धाचा विजयस्तंभ आहे तो तिथंच राहू दे, त्याला कोण हात लावतंय? विजय आपला, नावं त्यांची. हे वाचून दोनचार मित्र मला अनफ्रेंड करतील. करा.

‘खुकरीतले 194 विसरलास का’ हे येणारच आहे, म्हणून आधीच सांगतो. नाही विसरलो. दीवला त्यांचं स्मारक आहे, तिथंही जा. पण मला देशभक्ती शिकवायला येणाऱ्यानं आधी त्या 194 मधलं एक नाव मोबाईल न बघता कमेंटमध्ये लिहावं. खुकरीचे कॅप्टन मुल्ला सोडून.