एका कान्याचा फरक

ब्रिटनमधील एखादे ओसाड ग्रामीण स्थानक दिसले, की रेल्वेप्रेमी मंडळी सगळे खापर डॉ. बीचिंग यांच्या १९६३ च्या, तोट्यातले रेल्वेमार्ग बंद करा असे सुचवणाऱ्या अहवालावर फोडून मोकळी होतात. उत्तर वेल्समधील फ्रॉनगॉखच्या बाबतीत हा हिशेब जुळत नाही. तेथील प्रवासी वाहतूक १९६० च्या जानेवारीतच थांबली होती आणि ती ‘बंद पडली’ असे लिहिणाऱ्यांनी त्या शब्दात एक काना घालावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

बालाहून फेस्टिनिऑगकडे जाणारा हा एकेरी मार्ग १ नोव्हेंबर १८८२ रोजी सुरू झाला. पुढे १८८९ मध्ये स्थानकाजवळ, त्रवेरिन नदीच्या पाण्याच्या भरवशावर, व्हिस्कीचा कारखाना निघाला. तो फार काळ तगला नाही, परंतु त्याच्या रिकाम्या इमारतीत पहिल्या महायुद्धात आधी जर्मन युद्धकैदी आणि जून १९१६ पासून ब्रिटिश सत्तेविरुद्ध डब्लिनमध्ये झालेल्या ईस्टर उठावानंतर धरपकड झालेले सुमारे १८०० आयरिश लोक ठेवण्यात आले. (दारूच्या कारखान्यात राजबंदी कोंडण्याची कल्पना कोणाला सुचली असेल, देव जाणे.) खटला न चालवता डांबलेली ही माणसे, त्यांत पुढे आयरिश स्वातंत्र्यलढ्याचे नेते झालेले मायकेल कॉलिन्सही आले, उंदरांनी बुजबुजलेल्या त्या जागेत आयरिश भाषेचे वर्ग घेत, कवायत करीत आणि पुढच्या लढ्याची आखणी करीत. डिसेंबरात त्यांची सुटका झाली, तोवर सरकारने स्वतःच्या खर्चाने क्रांतीची शाळा चालवून दाखवली होती.

मार्गाचा घात केला तो पाण्याने. लिव्हरपूल महापालिकेला त्रवेरिनवर धरण हवे होते, आणि वेल्समधील ३६ पैकी ३५ खासदारांचा विरोध असूनही १९५७ मध्ये संसदेने तसा कायदा केला. कापेल केलिन हे वेल्शभाषक गाव शाळा, टपालघर आणि प्रार्थनागृहासह बुडाले. त्याच्यासाठी १९३० मध्ये केलेला छोटा थांबाही गेला. फ्रॉनगॉख धरणाच्या खालच्या अंगाला असल्यामुळे वाचले, पण तेथून पुढे जायला वाटच उरली नाही. जानेवारी १९६१ मध्ये मालगाडीही थांबली.

गाडीला उतारू फारसे नव्हते, हे मला मान्य आहे. तरीही धरणाला वळसा घालून रूळ टाकणे परवडत नाही असे एकदा ठरल्यावर, १९६४ मध्ये याच मार्गाच्या दुसऱ्या टोकाला, ब्लायनाय फेस्टिनिऑगमधील दोन स्थानके जोडणारा रूळ टाकायला मात्र पैसे निघाले, कारण त्रॉस्फनिदच्या अणुवीज केंद्रातील वापरलेले इंधन बाहेर न्यायचे होते. फ्रॉनगॉखच्या स्थानकाची इमारत आज कोणाचे तरी राहते घर आहे, आणि कारखान्याच्या जागेवर मुलांची शाळा भरते.