स्टील_२_फायनल आणि त्याचे वारस

यंत्राचे भाग कॉम्प्युटरवर तपासायचं आमचं सॉफ्टवेअर. त्यातल्या मॉडेलमधून एक मटेरियल उडवायचं होतं. एवढंच. सॉफ्टवेअर म्हणालं, ‘वापरात आहे, काढता येत नाही.’ कोण वापरतंय, ते गुलदस्त्यात.

मटेरियलचं नाव ‘स्टील_२_फायनल’. ठेवणारा गडी नोकरी सोडून गेला, जाताना घनतेच्या रकान्यात ७८५० हा किलो-मीटरमधला आकडा ठोकून गेला. आमचा कारभार टन-मिलिमीटरमध्ये, तिथे ७.८५ई-९, म्हणजे ७.८५ भागिले शंभर कोटी, लागतं. स्टॅटिक रनमध्ये, म्हणजे स्थिर भाराच्या हिशोबात, गुरुत्वाकर्षण लावलं नाही तर घनतेला कुणी विचारत नाही, म्हणून पाप झाकून राहतं. मोडल रनला, म्हणजे भाग सेकंदाला किती वेळा थरथरतो त्या हिशोबाला, कुणी हेच लावलं की फ्रिक्वेन्सी दहा लाख पटीने खाली. शंभर हर्ट्झचा ब्रॅकेट एक हेलकावा घ्यायला पावणेतीन तास लावणार!

सपोर्टला फोन केला.

“सर, ते का काढायचंय?”

“चुकीचं आहे.”

“पण रन होतंय ना?”

“होतंय.”

“मग असू द्या की. खायला मागतंय का?”

मागे कुकरची शिट्टी. “कितवी गं?” हे मला नव्हतं.

“अहो, पण कोण वापरतंय ते कळणार कसं?”

“एकेक डिलीट करत जा सर. ज्याच्यानंतर हे डिलीट होईल, तोच वापरत होता.”

“आणि मधे जे उडतील त्यांचं काय?”

“अन्डू आहे ना, केलेलं मागे घ्यायला.” मग जरा थांबून, “म्हणजे डिलीटला नाही चालत आपल्यात.”

शेवटी तोडगा निघाला: नाव बदलून ‘झेड_वापरू_नका’ ठेवा, यादीत तळाला जाईल. गॅस बंद करायला तो उठला असावा, कारण फोन कटला.

सातबाऱ्यावरून मयताचं नाव कमी करायला गेलात तर निदान वारस कागदावर सापडतात. इथे मटेरियल प्रॉपर्टीत (मटेरियल, जाडी वगैरेची नोंद), प्रॉपर्टी कंपोनंटवर (सुट्या भागावर), कंपोनंट कॉन्टॅक्टमध्ये (कोण कुणाला टेकतं ती नोंद), आणि पत्ता कुणाचाच नाही. हिशोब करणाऱ्या सॉल्व्हरची इनपुट फाइल नोटपॅडमध्ये उघडून आयडी शोधत बसलो. सापडली एक प्रॉपर्टी. तिच्यावर एलिमेंट, म्हणजे मॉडेलचे बारके तुकडे, किती? एकही नाही. ह्या रिकाम्या बाईसाठी माझी अख्खी दुपार गेली.

आणि ह्याचे आम्ही दरवर्षी लाखांत पैसे मोजतो. बरं, ह्यांना कोण काय धरून बसलंय ते दाखवता येत नाही म्हणावं, तर तसंही नाही. लायसन्स कुठल्या मशीनवर, कुणी, किती वाजल्यापासून अडवलंय, ते नावानिशी दाखवतात.