दत्ताची तसबीर आणि डेन्सूचा देव्हारा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. पश्चिम आफ्रिकेतल्या टोगोमधल्या मामी वाटा या जलदेवतेच्या पूजास्थानांवरचा माझा लेख वाचून तुम्ही लिहिलंत, की दत्ताची तसबीर तिकडे पोचली हा निव्वळ कॅलेंडरांचा धंदा. कथा गेलीच नाही, मग पुराणांचा संबंध कुठला? शिवाय असं लिहून मी ‘सगळं आपल्याकडूनच गेलं’ म्हणणाऱ्यांच्या हाती कोलीत देते आहे. आक्षेप गंभीर आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

धंदा होता, यात वादच नाही. लांब मोकळे केस, अंगाखांद्यावर साप, हे मामी वाटाचं सर्वांत ओळखीचं रूप म्हणजे मुळात १८८० च्या दशकात हँबुर्गमध्ये छापलेलं एका गारुडी बाईचं चित्र. १९०१ पर्यंत ते नायजर नदीच्या मुखाजवळ लाकडात कोरलंही गेलं होतं. १९५५ मध्ये आजच्या घानातल्या कुमासी शहराच्या व्यापाऱ्यांनी तेच चित्र मुंबईच्या श्री राम कॅलेंडर कंपनीकडून पुन्हा छापून घेतलं, १२,००० प्रती. लक्ष्मी, हनुमान, शंकर, दत्त हेही असेच छापील कागदावरून तिकडे पोचले.

पण व्यापाऱ्याचं काम तिथे संपतं. पाण्यातल्या शक्तींची पूजा त्या किनाऱ्यावर या चित्रांच्या आधीपासून होती. समुद्र मामी वाटाचा, म्हणून समुद्रापलीकडून आलेले देवही तिच्याच गोतातले, असं भक्तांनी मानलं. त्रिमुखी दत्तात त्यांना डेन्सू दिसला, तिच्याच परिवारातला जलदेव. तसबिरीत देवापुढे कोणती फळं आहेत, दिवा कुठे आहे, फुलं कशी वाहिली आहेत, हे बारकाईने पाहून त्यांनी पूजा मांडल्या. तीन तोंडांचा डेन्सू लाकडातही घडवला.

अत्री-अनसूया, औदुंबर, पादुका यांतलं काहीच त्या कागदासोबत गेलं नाही, हे तुमचं म्हणणं बरोबर. मला मात्र खरा चमत्कार तिथेच दिसतो. त्या तीन मुखांचा अर्थ त्यांनी आपल्या पाण्याच्या पुराणातून लावला, आणि पुराणं अशीच वाढतात. आपला दत्त तरी कायम त्रिमुखी कुठे होता? मार्कंडेय पुराणात तो विष्णूचा अवतार आहे; सोम आणि दुर्वास हे त्याचे वेगळे भाऊ. तिघं एका देहात आली ती पुढे, आणि एकमुखी दत्त आजही पुजला जातो. आपल्या पूर्वजांनी केलं ती श्रद्धा आणि टोगोतल्या एवे समाजाच्या भक्तांनी केलं तो कॅलेंडरचा परिणाम, हा भेद मला मान्य नाही.

आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तर कथाच गेली. झांझिबारमध्ये ऐकलेली आणि १८७० मध्ये एडवर्ड स्टीअर यांनी छापलेली स्वाहिली गोष्ट पाहा : माकडाची शार्कशी मैत्री होते, शार्क त्याला पाठीवरून नेतो, वाटेत कळतं की माकडाचं काळीज हवं आहे, आणि माकड म्हणतं, ते तर झाडावरच राहिलं. ही वानर-मगरीची गोष्ट आपण लहानपणीच ऐकलेली असते. पण एवढ्यावरच मी नातं सांगितलं नसतं. शार्क पुन्हा बोलावतो तेव्हा माकड त्याला धोब्याच्या गाढवाची गोष्ट सांगतं, ज्याला म्हणे काळीजही नव्हतं आणि कानही नव्हते. पंचतंत्राच्या चौथ्या तंत्रातही हेच गाढव, धोब्याचंच, याच वानराच्या तोंडून येतं. गोष्टीच्या पोटातली गोष्ट नेमकी त्याच जागी सापडते, तेव्हा योगायोग म्हणणं कठीण. पंचतंत्राच्या अरबी भाषांतरातही हे गाढव आहे, त्यामुळे गोष्ट कोणत्या वाटेने गेली तेही दिसतं.

आणि तरीही ती गोष्ट स्वाहिलीच आहे. जांभळीच्या जागी उंबराच्या जातीचं झाड आलं, कोल्ह्याचं काम सशाने घेतलं, कारण तिथल्या कथांत चतुर तो ससा. अनान्सी या पश्चिम आफ्रिकी कथांतल्या चतुर कोळ्याच्या गोष्टींतली, हात लावणारा चिकटून बसतो ती डिंकाची बाहुली मात्र मी लेखात मुद्दाम घेतली नव्हती. राक्षसाच्या अंगाला चिकटणारा राजपुत्र जातकात आहे, काही अभ्यासकांनी त्यावरून तिचं मूळ भारतात शोधलं. पण असा आतला सांधा तिथे जुळत नाही. ‘सगळं आपलंच’ म्हणायचं असतं, तर मी ती आधी घेतली असती.

तुमच्या ओळखीत मुंबईच्या जुन्या कॅलेंडर-छपाईतलं कोणी असेल, तर जरूर कळवा. आफ्रिकेला पाठवलेल्या चित्रांच्या नमुना-प्रती किंवा ऑर्डरच्या वह्या कुणाच्या घरी उरल्या असतील, तर मला त्या पाहायच्या आहेत.